मृकंडूचा वर आणि ओपनएसएसएल

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते, तिथे तिच्या काठावर मार्कंडा हे देवस्थान असून, प्रत्यक्ष यमाला जिथून हात हलवत परतावे लागले ते स्थळ हेच, अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. अशा क्षेत्री ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीचा विषय काढणे विद्वानांना ओढूनताणून आणलेले वाटेल. परंतु जिचे आयुष्य जन्माआधीच ठरलेले असते, ते संपण्याची तारीख जाहीर करूनच जिचे बारसे होते आणि ती तारीख उलटल्यावरही जिचे भक्त तिला मिठी मारून बसलेले असतात, अशा वस्तूचा विचार करायला मार्कंड्याहून योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना सामाईक लागणाऱ्या कामांचा तयार संच, आणि कूटलेखनाची लायब्ररी म्हणजे मजकूर गुप्त ठेवणे, तो वाटेत कोणी बदलला नाही याची खात्री करणे आणि पलीकडे बोलणारा खरोखर तोच आहे हे पटवून देणे, एवढी कामे अंगावर घेणारा संच. महाशिवरात्रीच्या जत्रेत बेलफुलांच्या दुकानावर टांगलेला क्यूआर कोड भाविक आपल्या फोनने टिपतो, तेव्हा दहा रुपयांच्या त्या व्यवहारामागे अशाच लायब्ऱ्यांचे गणित चाललेले असते. अँड्रॉइड फोनमध्ये बहुतांशी ओपनएसएसएलपासून गुगलने वेगळी काढलेली शाखा असते आणि तिचे नाव, बहुधा अनुभवाअंती, बोरिंगएसएसएल असे ठेवलेले आहे. जगातल्या बहुसंख्य सर्व्हरांवर मात्र मूळ ओपनएसएसएलच नांदते. फुलवाल्याला यातले काही ठाऊक नसते आणि त्यामुळे त्याचे काही अडतही नाही.

माणसाला वाचता येईल अशा भाषेत, येथे मुख्यतः सी भाषेत, लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे सोर्स कोड, आणि त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. डेबियन, उबुंटू यांसारखी जी लिनक्सची वितरणे आहेत, म्हणजे हजारो प्रोग्रॅम एकत्र गुंफून दिलेल्या ज्या तयार प्रणाली आहेत, त्यांच्यात ओपनएसएसएल आधीच कंपाइल होऊन आलेली असते. नसलीच तर एका ओळीच्या आज्ञेने ती उतरते आणि पुढे तिच्यात दोष निघाला तर दुरुस्तीही आपोआप येते. असे असताना काही माणसे ती सोर्सपासून स्वतः बांधतात. कधी जुन्या प्रणालीवर नवी आवृत्ती हवी असते, कधी एखाद्या प्रोग्रॅमला नेमकी अमुकच आवृत्ती लागते, आणि पुष्कळदा, तयार वस्तूवर आपला विश्वास नाही हे सिद्ध करण्याची ऊर्मी अनावर झालेली असते. ज्या गृहस्थाने स्वतःच्या विमा पॉलिसीची मागची बाजू जन्मात पाहिलेली नाही, तोच गृहस्थ लाखो ओळींचा हा कोड उघडा आहे एवढ्याच आधारावर तो विश्वासार्ह मानतो, ही बाब मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

या लायब्ररीची वंशावळ थोडक्यात अशी. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या एसएसएलईय या संचापासून डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएलचा जन्म झाला. मूळ संच ऑस्ट्रेलियात जन्मल्याचा तिला मोठा फायदा झाला, कारण त्या काळात अमेरिकेच्या निर्यात कायद्यांनी दणकट कूटलेखन शस्त्रास्त्रांच्या यादीत घातले होते आणि ते सीमेपार पाठवणे हे तोफ पाठवण्याच्या पंक्तीत बसत असे. याच कायद्याला वळसा घालण्यासाठी पीजीपी या कूटलेखन प्रोग्रॅमचा सगळा सोर्स कोड १९९५ मध्ये चक्क पुस्तकरूपाने छापण्यात आला, कारण पुस्तकाच्या निर्यातीला बंदी नव्हती. पुढे पीजीपीच्या छापील पानांचे असेच गठ्ठे युरोपात नेऊन, स्कॅन करून, त्यांतून प्रोग्रॅम पुन्हा उभा करण्यात आला. छपाईच्या चुकांनी ज्यांची झोप उडते अशा मराठी प्रकाशकांनी, एका स्वल्पविरामाने जिथे राज्य बुडते अशा त्या पुस्तकाच्या मुद्रितशोधनाची कल्पना करून पाहावी.

आता प्रत्यक्ष विधीकडे वळता येईल. सोर्स कोडची दाबून बांधलेली फाइल, जिला टारबॉल म्हणतात, ती प्रथम इंटरनेटवरून उतरवावी लागते, आणि सुरक्षित जोडणीवरून उतरवायची तर त्या संगणकावर सुरक्षित जोडणी करणारी लायब्ररी आधीच असावी लागते. म्हणजे ज्या जुन्या लायब्ररीवर विश्वास नाही म्हणून हा खटाटोप आरंभला, तिच्याच खांद्यावर बसून नवी घरी येते. फाइल उतरली की तिचा हॅश पडताळायचा असतो. हॅश म्हणजे कितीही मोठ्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, जी मजकुरातले एक अक्षर बदलले तरी पार बदलून जाते. एसएचए-२५६ या पद्धतीची खूण चौसष्ट अक्षरांची असते, आणि सामान्यतः माणूस तिची पहिली चार व शेवटची चार अक्षरे डोळ्यांनी जुळवून मधल्या छप्पन्न अक्षरांची जबाबदारी परमेश्वरावर सोपवतो. शिवाय ही खूण ज्या ठिकाणाहून फाइल आली त्याच ठिकाणी लिहिलेली असते, त्यामुळे फाइल बदलणारा चोर खूणही बदलू शकतो. यावर उपाय म्हणून फाइलवर कर्त्याची डिजिटल सहीही असते. आलापल्लीच्या जंगलातून निघालेल्या सागवानी ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण आणि ट्रकसोबत वाहतुकीचा परवाना, ज्याला त्या भागात टीपी म्हणतात, असल्याखेरीज नाका ओलांडता येत नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डिजिटल सहीचे काम यापेक्षा फारसे वेगळे नाही. फरक एवढाच की नाक्यावरचा गार्ड परवाना निदान हातात घेऊन पाहतो. कंपाइल करणाऱ्यांतील बहुसंख्य लोक सही तपासण्याची पायरी ‘पुढच्या वेळी’ या सदरात टाकतात.

येथवर जे झाले ते सोपे. खरा पेच आवृत्ती निवडताना पडतो, आणि तो पेच मार्कंड्याच्या कथेने फार पूर्वीच मांडून ठेवलेला आहे. मृकंडू ऋषींनी पुत्रासाठी तप केले तेव्हा शंकरांनी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले: दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र, किंवा सर्वगुणसंपन्न पण अवघे सोळा वर्षांचे आयुष्य असलेला पुत्र. ओपनएसएसएल नेमके हेच दोन पर्याय देते. एका बाजूला ‘दीर्घकाळ आधार’ असलेली आवृत्ती, जिच्यात नवे काही येत नाही पण दोष निघाले तर पाच वर्षे दुरुस्त करून मिळतात. दुसऱ्या बाजूला नवनव्या गुणांनी नटलेली साधी आवृत्ती, जिचे आयुष्य फार तर एक-दोन वर्षांचे. १.१.१ ही दीर्घायुषी आवृत्ती ११ सप्टेंबर २०१८ रोजी आली आणि बरोबर पाच वर्षांनी ११ सप्टेंबर २०२३ रोजी तिचा आधार संपला. तिच्यानंतरची मोठी आवृत्ती २.० असायला हवी होती, परंतु तो आकडा एका सरकारी प्रमाणित मॉड्यूलने आधीच अडवून ठेवला असल्याने ७ सप्टेंबर २०२१ रोजी थेट ३.० अवतरली. घराण्यात एक पिढी कागदोपत्री जन्मलीच नाही, याचे कोणाला फारसे दुःख झाले नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या ३.५ ला ८ एप्रिल २०३० पर्यंत आयुष्य आहे, आणि उद्याच्या क्वांटम संगणकांनाही फोडता येऊ नये अशी नवी कुलपे तिच्यात आहेत. मृकंडूंनी गुणवान पुत्र मागितला. सरकारी कचेऱ्यांचे संगणक सांभाळणारे सर्व जण, त्यांच्यावर आजवर जे प्रसंग गुदरले ते पाहता, दीर्घायुषी पुत्राची मागणी करतील.

पुराणातल्या मार्कंडेयाने, म्हणजे मृकंडूंच्या त्या पुत्राने, सोळावे वर्ष सरताना पिंडीला मिठी मारली आणि यमाचा पाश पिंडीवर पडताच शंकर प्रकट झाले. १.१.१ चे आयुष्य सरले तेव्हाही जगभरच्या असंख्य यंत्रांनी तिला अशीच मिठी मारली, कारण तिच्याखेरीज चालणार नाहीत असे जुने प्रोग्रॅम त्यांच्या पोटात होते. येथे शंकरांच्या जागी एक वेगळी सोय आहे: भरघोस वार्षिक फी भरणाऱ्या ग्राहकांना मुदत संपलेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्या पुढेही मिळतात. मृत्युंजय होणे शक्य आहे, फक्त ते करारनाम्यावर अवलंबून आहे.

आवृत्ती ठरली की टारबॉल उलगडून ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञा द्यायची असते, जी यंत्राची जात, प्रोसेसरची कुवत आणि मालकाच्या इच्छा जाणून घेऊन पुढच्या कामाचा आराखडा तयार करते. ही आज्ञा पर्ल या भाषेत लिहिलेली आहे. त्यामुळे सी भाषेतली लायब्ररी बांधायला निघालेल्याला पहिला अडथळा येतो तो पर्लचे आयपीसी-सीएमडी नावाचे मॉड्यूल सापडत नसल्याचा, आणि कूटलेखनाचा अभ्यास करायला बसलेला माणूस पहिला तास, ज्या भाषेशी त्याचे कोणतेही वैर नव्हते, तिच्या सुट्या भागांच्या शोधात घालवतो. पर्लचा संबंध इथेच संपत नाही. कूटलेखनाची जी गणिते फार वेगाने व्हावी लागतात ती यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत असतात, आणि ओपनएसएसएलमध्ये ही असेंब्ली बव्हंशी माणूस थेट लिहीत नाही. पर्लचे प्रोग्रॅम ती लिहून देतात. सोर्स उघडा आहे, सर्वांना वाचायला मोकळा आहे, आणि त्याचा सर्वांत नाजूक भाग असा आहे की तो वाचण्यापेक्षा गप्प राहणे कोणालाही शहाणपणाचे वाटावे.

यानंतर ‘मेक’ ही आज्ञा. मेक हा बांधकामावरचा मुकादम असून कोणती फाइल नवी, कोणती जुनी हे केवळ तिच्यावरच्या वेळेवरून ठरवून, जेवढे जुने तेवढेच पुन्हा कंपाइल करणे ही त्याची कार्यपद्धती आहे. आता विदर्भात ज्याला ‘लाईन जाणे’ म्हणतात तो प्रकार मध्येच घडला, आणि संगणक जुना असून त्याच्या घड्याळाची बॅटरी कधीच संपलेली असली, तर वीज परत येईपर्यंत यंत्राच्या लेखी काही वर्षे मागे गेलेली असतात. मग मेक मोठ्या गांभीर्याने कळवतो की अमुक फाइल भविष्यकाळात बदललेली आहे, घड्याळात तफावत आहे आणि बांधणी अपुरी राहिली असण्याची शक्यता आहे. अशा यंत्रावरून कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडू गेले तर तिथले प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे उत्तर येते. काळाला थोपवल्याची ख्याती असलेल्या गावी एका पैसाभर आकाराच्या बॅटरीने काळ उलटा फिरवावा, यात क्षेत्रमाहात्म्याचा काही भाग आहे किंवा कसे, याचा निर्णय जाणकारांनी करावा.

बांधणी झाल्यावर ‘मेक टेस्ट’ म्हणजे परीक्षा. शेकडो चाचण्या क्रमांकवार धावतात आणि प्रत्येकीपुढे ‘ओके’ उमटते. सर्वांत पहिली चाचणी अशी की मुद्दाम कोसळण्यासाठीच लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम चालवून तो खरोखर कोसळतो का हे पाहायचे. तो नीट कोसळला की ती चाचणी उत्तीर्ण. ज्या देशात परीक्षेच्या कल्पनेवर पिढ्या पोसल्या गेल्या तिथेही नापास होण्यात पहिले येण्याची ही सोय नाही. चाचण्या संपल्यावर सर्व यशस्वी झाल्याचा निर्वाळा मिळतो आणि बांधणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते पूर्णतः खरे असते, जरी त्या चाचण्या कोणी, कशासाठी लिहिल्या हे त्याने पाहिलेले नसते.

या समाधानाचा इतिहास फारसा दिलासादायक नाही. २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाने, स्मृतीचा गैरवापर शोधणारे एक साधन ओपनएसएसएलमध्ये सारखी तक्रार करते म्हणून, तक्रारीच्या मुळाशी असलेल्या दोन ओळी सद्भावनेने बंद केल्या. तक्रार थांबली. पण त्यांपैकी एका ओळीवर यादृच्छिकता, म्हणजे किल्ली कोणालाही ओळखता न येण्याइतकी बेभरवशाची ठेवणारा गुण, अवलंबून होती, आणि ती गेल्यावर किल्ल्या बनवण्यासाठी प्रोसेसच्या क्रमांकाखेरीज काही उरले नाही. हा क्रमांक साधारणपणे ३२,७६८ च्या आतच असतो. म्हणून डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या प्रणालींवर एका प्रकारच्या एका मापाच्या किल्ल्या जास्तीत जास्त तेवढ्याच निघू शकत. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे सर्व काही उत्तम चालले होते. कुलपे लागत होती, उघडत होती, आणि अनोळखी माणसालाही ती फार तर तेहतीस हजार प्रयत्नांत उघडता आली असती.

‘मेक इन्स्टॉल’ या शेवटच्या आज्ञेने लायब्ररी यंत्रात बसते, आणि लगेच तिला विचारले असता ‘सामाईक फाइल उघडता येत नाही’ असे उत्तर मिळते. नव्या प्रती ज्या कप्प्यात गेल्या तो कप्पा शोधायला यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते. तो पत्ता नोंदवणारी एक वेगळी आज्ञा असते. ती दिल्यावर कधी कधी नवा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीला आणि जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला जाऊन भेटतो, आणि दोघेही परस्परांना ओळखत नाहीत. सर्व भाग हाताशी असणे आणि वस्तू उभी असणे यांत किती अंतर असते, हे मार्कंड्याला वेगळे सांगायला नको. तेथल्या मुख्य मंदिराचे वरचे बांधकाम जीर्णोद्धारासाठी गेल्या दशकात उतरवले गेले आणि दगड आवारात ठेवून काम कित्येक वर्षे रखडले. प्रत्येक दगड डोळ्यांसमोर होता, कोणालाही मोजता येत होता. यापेक्षा अधिक उघडा सोर्स असू शकत नाही.

उघडेपणाच्या या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण सोर्सपासून बांधण्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. पुष्कळ डोळे पाहत असले की दोष लपत नाही, असा या पंथाचा सिद्धान्त आहे. ३१ डिसेंबर २०११ रोजी, नवे वर्ष उजाडायला जेमतेम एक तास असताना, ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टबीट’ नावाची सोय दाखल झाली: जोडणी जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी एका बाजूने चार शब्द पाठवायचे आणि दुसरीने तेच परत करायचे. चार शब्द पाठवून ‘मी चौसष्ट हजार अक्षरे पाठवली, तेवढीच परत दे’ असे कोणी म्हटले, तर लायब्ररी न मोजता आपल्या स्मृतीतला तेवढा मजकूर काढून देई, मग त्यात पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या. हा दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला. दोन वर्षांहून अधिक काळ कोड सर्वांसाठी उघडा होता, तो जगभर असंख्य हातांनी कंपाइल केला, चाचण्या उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर असेही कळले की ज्या लायब्ररीवर निम्म्या जगाचे व्यवहार चालले होते तिला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि तिच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. कोणत्याही गावच्या गणेशोत्सव मंडळाने तिची पावतीपुस्तके पाहिली असती तर त्याला तिची कीव आली असती.

सोर्स वाचला तरी भागत नाही, हेही मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत एका सहभागी विकसकाने मागचे दार बसवले, आणि ते चालू करणारा तुकडा सार्वजनिक कोडमध्ये नव्हताच. तो फक्त टारबॉलमध्ये होता. म्हणजे कोड वाचणारा एक वस्तू वाचत होता आणि बांधणारा दुसरीच बांधत होता. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या क्षुल्लक शंकेचा पिच्छा एका अभियंत्याने पुरवला म्हणून ते सापडले. त्या मागच्या दाराने ताब्यात घेतलेले फंक्शन, योगायोगाची हद्द म्हणजे, ओपनएसएसएलचेच होते. याहून खोल पाणी केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते: कंपाइलरच जर बेइमान असेल तर तो निर्मळ सोर्समधूनही चोरवाट तयार करील, आणि त्या कंपाइलरचा निर्मळ सोर्स कंपाइल केला तरी ती बेइमानी पुढच्या कंपाइलरमध्ये उतरेल. तेव्हा ज्याला कोणावरच विश्वास ठेवायचा नाही त्याने कंपाइलरही स्वतः लिहावा, नंतर प्रोसेसरही स्वतः ओतावा. वाळू वैनगंगेत आहे.

विश्वासाचा हा प्रश्न चामोर्शीच्या शेतकऱ्याने अधिक व्यवहार्य रीतीने सोडवलेला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने डिजिटल सहीला कायद्याचे बळ दिले आणि १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सही असलेला सातबारा मिळू लागला. फाइल संगणकावर उघडली की पुष्कळदा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, कारण सहीमागच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला त्या संगणकाला कोणी शिकवलेले नसते. मग तो सातबारा कागदावर छापला जातो, ज्या क्षणी सहीचे गणित संपून तिचे चित्र होते, आणि एखादी कचेरी त्या चित्रावर शाईचा गोल शिक्का मागते. शिक्का बसल्यावर कोणीही प्रश्नचिन्हाकडे पाहत नाही.

सोर्सपासून बांधण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती अवश्य भागवावी. संगणक आतून कसा चालतो हे शिकवणारा इतका स्वस्त अभ्यासक्रम दुसरा नाही. मात्र बांधलेली प्रत वेगळ्या कप्प्यात ठेवावी, प्रणालीच्या मूळ लायब्ररीवर ती चढवू नये, टारबॉलची सही खरोखर तपासावी आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. ३.० या आवृत्तीच्या मोफत दुरुस्त्यांची मुदत ७ सप्टेंबर २०२६ ही आहे. वितरणातून आलेल्या प्रतीची काळजी त्या तारखेनंतरही ते वितरण आपल्या मुदतीपर्यंत वाहते. स्वतःच्या हाताने बांधलेल्या प्रतीची काळजी वाहणारे जगात दुसरे कोणीही नसते.